जुनी एअर-कूल्ड ९११ की नवी? डोकं चालेनासं झालंय

अर्धाक्लच (धागाकर्ता)

मंडळी, गेले चार महिने रोज रात्री झोपायच्या ऐवजी जाहिराती बघत बसतोय, म्हणून शेवटी धागा काढतो. मोठा आहे, आधीच सॉरी.

आयुष्यात एकदाच घेणार अशी एक गाडी घ्यायची ठरलीय आणि ती पोर्शे ९११च हेही ठरलंय (भिंतीवर पोस्टर वगैरे, तुमचंही तसंच असणार, लांबण लावत नाही). अडलंय कुठे, तर एका बाजूला १९८७ची ३.२ कॅरेरा, एअर-कूल्ड (इंजिन पाण्याऐवजी हवेवर थंड होतं), जी५० गिअरबॉक्सवाली, आणि दुसऱ्या बाजूला ९९२ (९११च्या पिढ्यांना असे आकडे असतात, ही आत्ताची) मधली कॅरेरा टी, मॅन्युअल. दोन्हीतली एकच येईल. जुनी घेतली तर थोडे पैसे हातात राहतील पण ते तिच्यातच जातील असं सगळे म्हणतात.

कागदावर बघितलं तर तुलनाच नाही, जुनीला २३१ पीएस, नवीला ३८५. जुनी शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आसपास, नवी साडेचार. पण जुनी सुमारे १२०० किलोची आणि नवी, ती पण 'हलकी' म्हणून विकतात ती, १४७०. त्यासाठी मागच्या सीटा काढल्यात (मागितल्या तर देतात म्हणे) आणि काचा पातळ केल्यात, तरी अडीच माणसं... चुकलो, साडेतीन माणसं जास्तीची बसवून फिरल्यासारखं.

कोणी दोन्ही चालवल्यात का? मनापासून सांगा.

---

निळाधूर

यात विचारायचं काय, जुनी! १९६३ला फ्रँकफर्टला ९०१ म्हणून दाखवली तिथपासून १९९८ला ९९३ संपली तिथपर्यंत जे मागे वाजायचं ते इंजिन होतं. पुढे पाणी घातलं आणि सगळं गुळगुळीत झालं. आजच्या गाडीत टर्बो, त्यावर पार्टिक्युलेट फिल्टर, आणि उरलेला आवाज गाळून-गाळून आत येतो. गाळलेलाच आवाज ऐकायचा तर घरी बसून स्पीकरवर ऐका की.

---

चौथा_गिअर

९९७.२ बघा.

---

हिशेबनीस

धागाकर्ते, आधी एवढं सांगा. महिन्यातून किती दिवस चालवणार? छपराखाली उभी राहणार की उघड्यावर? घरात दुसरी गाडी आहे का? तुमच्याशिवाय कोण चालवणार? आणि बंद पडली तर चिडता की उत्साहात येता? पाचवा प्रश्न गंमत म्हणून विचारला नाहीये.

---

पॉपअप_हेडलाईट

विषय ९११चा आहे हे दिसतंय, तरी राहवत नाही. हीच भानगड मियाटात (माझ्दाची छोटी एमएक्स-५ हो) मला पडली होती. मूळ एमएक्स-५ १९८९ची, १.६ लिटर, हजार किलोच्या आत. आणि आत्ताची एनडी, २०१५ला आली ती. गंमत म्हणजे एनडी लांबीला पहिलीपेक्षा किंचित छोटीच आहे! म्हणजे 'नवी म्हणजे जाडी' हा नियम सगळीकडे लागू नाही, कुणीतरी बसून एकेक ग्रॅम मोजला तर जमतं. मी जुनी घेतली कारण डोळे मिचकावणारे हेडलाईट. मागच्या चाकावरचा आणि उंबऱ्याचा पत्रा गंजतो तेवढं सोडलं (छपराचं पाणी जायची भोकं तुंबतात, तिथून सुरू होतं) तर काही त्रास नाही, आणि सुटे भाग तर माझ्दाने २०१७ पासून जपानमध्ये परत काढायला घेतलेत. विचार करा, दोन्ही मियाटा घेऊनही पैसे उरतील.

---

निळाधूर

आला, मियाटावाला आला. कुठलाही धागा असो.

---

पाना_पक्कड

३.२ माझ्याकडे चौदा वर्षं आहे म्हणून लिहितो. निळाधूर यांनी आवाजाचं सांगितलं ते बरोबर आहे, पण आवाज महिन्यातून दोन रविवार ऐकू येतो आणि बाकीचे दिवस तुम्ही गाडीखाली असता.

आधी चांगलं सांगतो. १९८४ ते ८९ची ही इंजिनं दणकट आहेत. त्याआधीच्या गाड्यांत चेन टेन्शनर मान टाकायचे, ३.२ला तेलाच्या दाबावरचे आले आणि ती कटकट मिटली. पत्रा आतून-बाहेरून जस्त चढवलेला, त्यामुळे त्याच वयाच्या इतर गाड्या चाळणी झाल्या तरी ही उभी आहे. ८७ची जी५० घेताय तेही योग्य, त्याआधीची ९१५ पेटी थंड असताना दुसरा गिअर मागून बघा, विनवण्या कराव्या लागतात. जी५०ला क्लच पण हायड्रॉलिक आहे.

आता बाकीचं. जस्त आहे म्हणून गंज नाहीच असं धरू नका. बॅटरीखालचा पत्रा, पुढच्या काचेची खालची कड, आणि दार उघडल्यावर कुलुपाच्या खांबाच्या बुडाशी बोट फिरवा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळतं ते घेऊन जा, एखाद्या जागी आकडा एकदम उडाला की खाली पुट्टी आहे, म्हणजे ठोकलेली आहे आणि मालक सांगत नाहीये. व्हॉल्व्ह गाईड झिजतात, मग तेल पिते. नुसतं कॉम्प्रेशन बघून समाधान मानू नका, लीक-डाउन करायला लावा, म्हणजे हवा कुठून पळते ते कळतं. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या टाकीकडून आली तर रिंग.

८७ची आहे तर क्लच प्लेट मधे रबर असलेली मूळची आहे की बदललीय ते विचारा. ते रबर फाटतं, आणि प्लेट बदलायला इंजिन उतरवावं लागतं. डीएमई रिले नावाची एक डबी आहे, काडेपेटीएवढी, ती गेली की गाडी जागच्या जागी थंड. माझी गेली होती भर पावसात, बायको आणि सासूबाई आत. तेव्हापासून ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जादा असतेच. टॅपेट वीसेक हजार किलोमीटरला सेट करायचे, तेल दहा लिटरच्या वर लागतं, आणि ते मोजायचं इंजिन गरम असताना, चालू ठेवून, सपाट जागेवर. थंड इंजिनवर काडी कोरडी दिसली म्हणून आणखी लिटरभर ओतणारे बहाद्दर मी पाहिलेत.

टायरची नक्षी बघू नका, बाजूवर चार आकडे असतात ते वाचा. २३१४ असेल तर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्याचा. अशा गाड्या वर्षाला हजार किलोमीटर पळतात, टायर नवाकोरा दिसतो आणि आतून लाकूड झालेला असतो. तसंच इंधनाच्या नळ्यांचं. हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं, कुठल्या साली बदलल्या याची पावती असेल तरच खरं माना.

हे सगळं वाचून हात शिवशिवले तर घ्या. कपाळाला आठी पडली तर नका घेऊ.

---

वाचनमात्र

काका, वाचनखूण साठवली. गाडी घ्यायची ऐपत नाही पण तरी साठवली.

---

अर्धाक्लच

पाना_पक्कड काका, दंडवत! प्रिंट काढून ठेवतो.

हिशेबनीस, उत्तरं: महिन्यातून सहा-सात दिवस, पहाटे बहुतेक. छप्पर आहे पण जागा चिंचोळी. दुसरी गाडी आहे. चालवणार मी, आणि मुलगी नुकतीच शिकलीय, ती मागणार हे नक्की. पाचव्या प्रश्नाला थोडं थांबलो. मला वाटतं उत्साहात येईन? माहीत नाही, आजवरच्या सगळ्या गाड्या बंद न पडणाऱ्याच होत्या.

---

हिशेबनीस

जागा चिंचोळी म्हणताय तर एक आकडा लिहून ठेवा. ३.२ची रुंदी १६५२ मिमी, ९९२ची १८५२. बरोब्बर वीस सेंटिमीटर. दार उघडून बाहेर कसे पडणार ते टेप घेऊन मोजा, नाहीतर डिकीतून निघायची वेळ यायची, आणि ती पण पुढे.

---

वळणवाटा

मी ट्रॅकवर बऱ्यापैकी चालवते, माझ्या नावावर जुनी नाही पण मित्राची ३.२ आणि ओळखीतल्या एकांची ९९२ दोन्ही हाताळल्यात, म्हणून माझे दोन पैसे.

कुठली जास्त पळते हे सोडून द्या, मजा किती वेगाला सुरू होते ते बघा. ९९२ दुसऱ्या गिअरमध्येच शंभरी ओलांडते आणि तेव्हा तिला जागही आलेली नसते. मागे ३०५चे टायर आहेत, साध्या रस्त्यावर ती घसरतच नाही, घसरेल तेव्हा तुम्ही तुरुंगात जायच्या वेगाला असता. म्हणजे गाडीच्या क्षमतेचा पाव हिस्सा वापरून तुम्ही घरी येता आणि 'भारी आहे' म्हणता. ३.२ला मागे २१५, साइडवॉल चांगला जाड, स्टीअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे साठ-सत्तरला सुद्धा वळणात हातात काहीतरी चाललेलं असतं. रस्त्यावरचा खडा लागला तरी कळतो. हा तिचा खरा गुण आहे, बाकी आठवणी वगैरे ठीक.

पण हाच वेग ओल्या रस्त्यावर उलटतो. इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलंय. वळणात जरा जास्त वेगाने शिरलात, घाबरलात आणि पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन उचललात की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचं धूड लंबकासारखं बाहेर झेपावतं. नव्या माणसाचा पाय नेमका तेव्हाच उचलला जातो, ती सहज क्रिया आहे. ३.२मध्ये एबीएस नाही, ते ९६४ला आलं, १९८९ला, पॉवर स्टीअरिंग आणि कॉइल स्प्रिंगसकट. ईएसपी (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारं) तर त्याच्याही बरंच नंतर. ब्रेक सगळा वळणाच्या आधी मारून घ्यायचा आणि आत शिरलात की पाय हलकासा दाबलेला ठेवायचा, हे अंगात मुरेपर्यंत मुलीला देऊ नका. आईच्या मायेने सांगतेय.

---

निळाधूर

ईएसपी नव्हतं तेव्हा लोक गाड्या चालवत नव्हते काय? चालवायची अक्कल होती तेव्हा.

---

वळणवाटा

अक्कल होती आणि अपघातही होते. ९३० टर्बोला लोक विधवा करणारी म्हणायचे ते कौतुकाने नव्हे. तुम्ही चालवलीय का हो एअर-कूल्ड, ओल्यात?

---

निळाधूर

बसलोय.

---

वळणवाटा

बरं.

---

मल्टीमीटर

दुसरी बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहितो. सगळे धरून चाललेत की नवी म्हणजे बिनघोर. आज आहे, वॉरंटी आहे तोवर. पण काकांची ३.२ चाळिशीला आली तरी पाना आणि मल्टीमीटर घेऊन माणूस तिला रस्त्यावर आणतो, कारण सगळ्या गाडीत संगणक म्हणाल तर तो इंजिनचा एक डबा. आजच्या गाडीत दारापासून दिव्यापर्यंत प्रत्येकाचा वेगळा मॉड्यूल आणि ते सगळे एकमेकांशी बोलतात, एक बदलला तर बाकीच्यांशी त्याची ओळख करून द्यायला कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं. गाडी चाळीस वर्षांची होईल तेव्हा त्या स्क्रीन कोण बनवणार? गंजलेला पत्रा ठोकून करता येतो, मेलेली चिप ठोकून होत नाही.

अवांतर: कॅरेरा टी घेणारच असाल तर आधीची घ्या, तिला मधला आरपीएमचा काटा अजून खरा आहे. २०२४च्या फेसलिफ्टला तोही गेला, सगळी स्क्रीन.

---

चौथा_गिअर

९९७.२.

---

पॉपअप_हेडलाईट

मियाटाला अजून खरे काटे आहेत, नुसतं सांगून ठेवतो.

---

अर्धाक्लच

अपडेट १. काल टी चालवली. काय सांगू. बसल्या बसल्या अंगाला लागली, क्लच हलका, गिअर खटाखट, पहिल्या पाच मिनिटांत असं वाटलं की ही गाडी मी दहा वर्षं चालवतोय. नंतर मोकळा रस्ता मिळाला, पाय दाबला, आणि हसायलाच आलं. पण वळणवाटा ताई म्हणाल्या ते डोक्यात बसलेलं, म्हणून मुद्दाम स्पीडोकडे बघितलं तर मला वाटत होतं सत्तर असेल, आणि होते एकशे दहा. स्टीअरिंग अचूक आहे, पण हातात काही येत नाही, म्हणजे वळते तिथेच जिथे हवं, फक्त कशी वळली ते विचारू नका. घरी आलो, हिशेबनीस यांचं ऐकून टेप लावली. दार जेमतेम एक वीतभर उघडेल. पोट आत घेऊन जमेल.

पुढच्या शनिवारी ३.२ची तपासणी.

---

पाना_पक्कड

तपासणीला तुमचा माणूस घेऊन जा, विकणाऱ्याचा नको. आणि तो यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू नका असं मालकाला बजावा. थंड इंजिन सुरू होताना काय धूर येतो तेच बघायचंय. थोडा निळा येऊन थांबला तर घाबरू नका, बॉक्सर इंजिन आहे, सिलिंडर आडवे, तेल थोडं मुरतंच. दोन मिनिटांनीही येत राहिला तर विचार करा.

---

अर्धाक्लच

अपडेट २, आणि हा मोठा आहे.

गाडी दिसायला अशी की पाय तिथेच थबकले. आत बसलो, तो वास, पाच गोल डायल, पेडल तळातून वर आलेली (सवय नाही, पहिले दोन गिअर टाकताना चक्क खाली बघितलं). पहिली वीस मिनिटं खरं सांगतो, राग आला. पार्किंगमधून काढताना खांदे भरून आले, हीटरच्या कांड्या कुठली कशाची ते मालकालाही धड सांगता येईना. मग जरा गरम झाली, तेलाचा काटा वर आला, तिसऱ्या गिअरमध्ये एक लांब उजवं वळण आलं, आणि ताई, तुम्ही लिहिलंय ना हातात काहीतरी चाललेलं असतं, ते झालं. स्पीडो बघितला, पासष्ट!! पासष्टला मी दात काढून हसत होतो.

परत आलो आणि तपासणी सुरू झाली. काकांचे सगळे मुद्दे कागदावर. पत्रा ठीक, एका मडगार्डला परत रंग मारलाय पण पुट्टी नाही. क्लच बदललेला, पावती आहे. टायर अकरा वर्षांचे. लीक-डाउनला पाच सिलिंडर मस्त आणि एकात गळती बरीच, फुसफुस सायलेन्सरमधून. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे आज ना उद्या इंजिनचं वरचं काम. मेकॅनिक म्हणाला एवढं काही नाही, किंमत पाडून घ्या आणि हिवाळ्यात उघडू, तुम्हीपण या मदतीला, मजा येईल.

इथे गोची झाली. ते सगळं चाललं होतं तीनेक तास आणि तो माणूस अगदी रंगून गेला होता, प्लग काढतोय, ऐकतोय, मला दाखवतोय. मी पहिला तासभर कौतुकाने बघितलं. दुसऱ्या तासात मोबाईल काढला. तिसऱ्या तासात मला घरी जायचं होतं. गाडी तिथेच उभी होती, तीच, जिने मला पासष्टला हसवलं, आणि तिचं पोट उघडलेलं बघायचा मला कंटाळा आला होता. हिशेबनीसभाऊ, तुमचा पाचवा प्रश्न. चिडलो नाही, पण उत्साह पण नाही आला.

नाही घेतली. येताना गाडीत बायको काही बोलली नाही, मीच बोलत होतो.

---

पाना_पक्कड

योग्य केलंत. एका सिलिंडरचं काम म्हणून इंजिन उतरवलं की कोणी एकच करत नाही, 'आता उघडलंच आहे तर' म्हणत सहाच्या सहा होतात, मग क्लच, मग सगळी सीलं, मग खालच्या तेलाच्या नळ्या. माझी तीन आठवड्यांसाठी उतरवली होती ती सात महिन्यांनी चढली. मला त्याचं दुःख नाही, पण मला ते आवडतं. ज्याला आवडत नाही त्याच्या दारात ती गाडी बिचारी सडते.

---

निळाधूर

वाईट वाटलं वाचून. दुसऱ्याला देऊन करून घ्यायचं काम, स्वतः कशाला हात काळे करायचे?

---

मल्टीमीटर

करून घेता येतं, पण चांगल्या हातांकडे रांग असते. आणि मधल्या काळात ती छपराखाली नसते, त्यांच्या छपराखाली असते.

---

चौथा_गिअर

२००९ ते २०१२. ९९७.२. नीट वाचा एकदा.

---

अर्धाक्लच

अपडेट ३, शेवटचा.

चौथा_गिअर, माफी असावी, तुम्ही दुसऱ्या प्रतिसादापासून सांगताय आणि मी स्क्रोल करत होतो. परवा एक चालवली. ३.६ लिटर, टर्बो नाही, ३४५ पीएस, सहा गिअरची मॅन्युअल. स्टीअरिंग हायड्रॉलिक, इलेक्ट्रिक पुढच्या ९९१ला आलं. हातात ३.२एवढं नाही येत पण येतं, झाकलेल्या भांड्यातलं ऐकू यावं तसं. एबीएस, ईएसपी आहे, म्हणजे पोरगी मागेल तेव्हा पोटात गोळा नाही येणार (ओल्यात तरी नाहीच देणार, ताई, शब्द). आयएमएस बेअरिंगची (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) जी भीती ९९६ आणि पहिल्या ९९७ला असते ती हिला नाही, कारण तो शाफ्टच नव्या इंजिनातून काढून टाकला. रुंदी १८०८, म्हणजे दार अजून दोन-अडीच बोटं जास्त उघडतं, मोजलं.

मजा पासष्टला सुरू नाही होत, ऐंशी-नव्वदला होते. तेवढं चालवून घेतो.

टोकन दिलं. ३.२चा मालक भला माणूस, त्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला कधीतरी येऊन एक चक्कर मारून जा. जाणार आहे.

---

वळणवाटा

अभिनंदन! टायरच्या बाजूचे चार आकडे वाचलेत ना?

---

अर्धाक्लच

🤦 उद्या बघतो.

---

पॉपअप_हेडलाईट

अभिनंदन. एक शंका, त्या चिंचोळ्या जागेत पुढच्या बाजूला एक छोटी मियाटा...

---

निळाधूर

फोटो टाका आधी. आणि सुरू करतानाचा आवाज पण, व्हिडिओ. बघू तरी पाण्यावरची कशी वाजते.

---

चौथा_गिअर

रंग कोणता?